करंड्यातली भाऊबंदकी

फ्रिजमध्ये ताकाच्या पातेल्याशेजारी सिरपूर तलावाच्या पाण्याची बाटली दिसली की आमच्याकडे ठरलेली कुरबुर होते. "निवृत्त झालीस ना, आता तरी पुरे," हे यांचं पालुपद. इंदूरच्या उन्हाळ्यात ती बाटली ओट्यावर ठेवली तर आतलं सगळं लगेच सडतं, हे त्यांना इतक्या वर्षांत पटलेलं नाही.

परवा त्यातलाच एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डायटम म्हणजे पाण्यातली एकपेशीय, डोळ्यांना न दिसणारी शैवालं. त्यांना मराठीत करंडक शैवाल म्हणतात ते उगीच नाही. सिलिकाची दोन झाकणं, एकात एक बसलेली, थेट कुंकवाचा करंडा. सिनेड्रा नावाच्या डायटमचा करंडा मात्र सुईसारखा लांबट. एका सुईतला सोनेरी-तपकिरी रंग पार गेला होता. त्या जागी फुगीर, फिकट नळी, आणि झाकणांच्या फटीतून तिची चोच बाहेर आलेली. शेजारच्या सुईला बाहेरून एक गोल थैली चिकटली होती, म्हशीच्या कानाला गोचीड चिकटावी तशी.

दोन्ही परजीवीच. वर्गात मी वर्षानुवर्षं या दोघांना एकाच पोत्यात कोंबलं: फायकोमायसिटीज, म्हणजे खालच्या पायरीच्या बुरशा. पुस्तकंही तेव्हा तशीच होती, पण मुलांना शिकवलं मी.

बाहेरची थैली कायट्रिडची. ही खरी बुरशी: पेशीच्या भित्तिकेत कायटिन, पोहणाऱ्या बीजाणूला मागे एकच शेपूट. बेडकांच्या जिवावर उठलेला कायट्रिड, ज्याचं नामकरण १९९९ साली झालं, तो याच घराण्यातला. आणि बुरशीचं कूळ प्राण्यांच्या जवळचं, म्हणजे ही थैली डायटमपेक्षा माझ्या अधिक नात्यातली!

आतली नळी ऊमायसीटची, म्हणजे बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण बुरशी नसलेल्या जिवाची. तिच्या भित्तिकेत सेल्युलोज, बीजाणूला दोन कशाभिका (पोहायच्या शेपट्या), त्यांतली एक केसाळ. तशीच केसाळ कशाभिका काही गोल डायटमच्या नर-युग्मकांवरही (नर प्रजननपेशींवरही) असते, कारण दोघं एकाच मोठ्या कुळातले, स्ट्रॅमिनोपाइल. द्राक्षावरचा केवडा आणि बटाट्याचा करपा हेही याच ऊमायसीटांचे उद्योग. थोडक्यात, सुईला आतून खाणारा परका नव्हे, लांबचा भाऊबंद. आमच्या माहेरच्या वाड्याची वाटणी आठवली. असो.

अशा नळीवाल्यांसाठी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्सोफ यांनी १८८४ साली एक्ट्रोजेला ही प्रजाती केली. मग जो डायटममध्ये नळी करून बसेल तो तिच्यात ढकलला जाऊ लागला. अंगावर ओळख पटवायला फार काही नसतंच: सगळं शरीर शेवटी बीजाणूंत मोडून जातं, मागे रिकामं टरफल. प्रयोगशाळेत आगरच्या थरावर वाढवावं म्हटलं तर यजमानाशिवाय वाढत नाहीत. बाधित पेशी एकेक करून बारीक पिपेटने उचलायच्या आणि त्यांचा डीएनए वाचायचा, इतकं चिकाटीचं काम. ते झालं तेव्हा कळलं की सारखी दिसणारी ही मंडळी एका शाखेवरची नाहीतच. २०१७ मध्ये मिराक्युला ही प्रजाती वेगळी निघाली, २०२० मध्ये डायटोमोफ्थोरा.

जुनी वही काढली. सिरपूर, सिनेड्रा, आणि पुढे माझ्याच ठसठशीत अक्षरात "बुरशी". खाली अधोरेखितही केलेलं. ते खोडून "ऊमायसीट" लिहिलं, प्रजातीची जागा कोरी ठेवली आणि पुन्हा डोळा लावला. रात्री साडेअकराला चोचीच्या टोकातून पहिला बीजाणू सुटला. यांना हाक मारली. आले, वाकून पाहिलं, म्हणाले, "अगं, हे तर पोहतंय!"

बाटली अजून फ्रिजमध्येच आहे.