पंप बिघडला म्हणून

परवा आमच्या ऑफिसने एका बिल्डरसमोर सादरीकरण केलं. त्यात एक स्लाइड होती: कोथरूडच्या एका पुनर्विकासाच्या इमारतीत सॉफ्टवेअरने चूक आधीच पकडली, तोडफोड वाचली. खाली माझं नाव. टाळ्याही पडल्या. स्लाइडवर खोटं काहीच नव्हतं, तरी ती मला पचलेली नाही.

माझं काम इमारतीचं थ्रीडी मॉडेल सांभाळण्याचं. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाले आणि प्लंबिंगवाले आपापली ड्रॉइंग पाठवतात. मी ती रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच इमारतीत उभी करते आणि कोण कोणाच्या अंगात घुसतंय ते शोधते. याला आम्ही क्लॅश काढणं म्हणतो. बाहेरच्यांना वाटतं, बटण दाबलं की चुका कळतात. बटण दाबलं की हजारावर ओळींची यादी येते आणि तिच्यातल्या बहुतेक ओळी निरर्थक असतात. पाइप भिंतीतून गेला, क्लॅश. अहो, पाइप भिंतीतूनच जाणार! हा कचरा गाळून कामाच्या दहा-बारा ओळी वर काढायच्या, हे खरं काम. त्याला सॉफ्टवेअर लागतं, पण साइटवर उन्हात उभं राहिलेलं डोकंही लागतं.

आता ती इमारत. पुण्यात पुनर्विकास म्हणजे प्लॉट तेवढाच, फ्लॅट दुप्पट आणि प्रत्येकाला गाडी ठेवायला जागा हवी. म्हणून स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, स्टॅक पार्किंग: एक गाडी लोखंडी पॅलेटवर वर उचलायची, दुसरी तिच्याखाली लावायची. मशिनवाल्यांनी मागितलेली मोकळी उंची ३.५ मीटर. पार्किंगच्या जमिनीपासून पहिल्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ४.२ मीटर, बीम ६०० मिलिमीटर खोल. म्हणजे बीमखाली ३.६ मीटर मिळतात, १०० मिलिमीटर शिल्लक. स्ट्रक्चरवाले बरोबर, मशिनवालेही बरोबर.

राहिलं प्लंबिंग. वरच्या संडास-बाथरूमचा डक्ट सरळ जमिनीत उतरवता येत नव्हता, कारण खाली गाड्या. म्हणून १६० मिलिमीटरचा पाइप बीमखालून आडवा नेऊन कडेच्या चेंबरला जोडायचा होता. प्लंबिंगच्या प्लॅनवर तो पाइप म्हणजे एक हिरवी रेघ, एक बाण आणि शेजारी ‘१:६०’. हा उतार नऊ मीटरच्या धावेत १५० मिलिमीटर होतो. बीमखाली क्लॅम्पने टांगलेल्या पाइपचा तळ सुरुवातीलाच ३.४२ मीटरवर, पलीकडे पोचेपर्यंत ३.२७ वर. मशिनला हवेत ३.५. म्हणजे वर उचललेल्या गाडीचं टप आणि सोसायटीचा मैला एकाच जागेवर हक्क सांगत होते.

प्लॅनमध्ये हे दिसतच नाही. प्लॅनमध्ये रेघ गाडीवरून जाते, आणि पाइप गाडीवरूनच जायचा असतो. सेक्शनमध्ये, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदात, दिसलं असतं, पण आमच्याकडे सेक्शन घेतला जातो जिन्यातून. पार्किंगमधून कोण घेतं?

मॉडेलमध्येही ते आपोआप दिसलं नाही, आणि इथे मला थोडी शेखी मिरवायची आहे. मशिनवाल्यांनी दिलेल्या मॉडेलमध्ये पॅलेट खाली टेकलेलं होतं. पाइप कशालाच लागत नव्हता, यादी स्वच्छ. मी प्रत्येक स्टॅकवर जमिनीपासून ३.५ मीटर उंचीचा ठोकळा उभा केला, उचललेल्या गाडीची जागा म्हणून, आणि पुन्हा तपासणी लावली. एक अख्खी रांग लाल झाली.

यादी सगळ्यांना मेल केली. ती ओळ सर्वांत वर, तिरक्या कोनातून घेतलेल्या रंगीत चित्रासकट. उत्तरं आली, ‘नोटेड’. एकानेही उघडून पाहिलं नव्हतं.

यात गंमत अशी की या इमारतीची तीन-तीन थ्रीडी मॉडेलं होती. आर्किटेक्टच्या ऑफिसात स्केचअपमध्ये केलेलं माहितीपत्रकासाठीचं, गुलमोहर आणि जॉगिंग करणाऱ्या बाईसकट. त्यात बीमच नव्हते. स्ट्रक्चरच्या सरांचं ईटॅब्समधलं. ते हिशेबासाठी अव्वल, पण त्यात बीम म्हणजे मध्यरेषेवरची काडी. तिच्यावर किती भार येतो ते तिला माहीत, तिचा तळ कुठे आहे ते नाही. आणि तिसरं माझं. पैसे मोजले जातात पहिल्यासाठी, दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि माझ्याबद्दल अजून विचारतात, “हे वेगळं काय असतं?”

स्लॅबच्या दिवशी मी साइटवर गेले ती लिफ्टच्या खड्ड्याची मापं घ्यायला. सेंट्रिंग झालेलं, सळई बांधलेली, पोअर कार्डावर, म्हणजे कॉंक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सगळ्यांच्या सह्या. कॉंक्रीट रात्री येणार होतं. पाइप वर घ्यायचा तर तो बीममधूनच आरपार न्यावा लागणार, आणि त्यासाठी कॉंक्रीटआधीच साच्यात नळी ठेवावी लागते, तिला स्लीव्ह म्हणतात. बीमच्या साच्यात पाहिलं, स्लीव्ह नाही. साइट इंजिनिअरला म्हटलं, तर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, आता काय करणार? नंतर कोअर मारून घेऊ.”

या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. झालेल्या बीमला कोअर मारायचा, म्हणजे मशिनने गोल भोक पाडायचं, तर आतल्या सळयांभोवतीच्या रिंगा कापायच्या. ज्या रिंगा भूकंपात बीमला धरून ठेवणार, त्याच. पुणे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतं. तिथे भूकंपात टिकणाऱ्या बांधकामासाठीच्या १३९२० नंबरच्या आयएस कोडप्रमाणे टोकांशी रिंगा जवळजवळ बांधून घ्यायच्या आणि मग मशिन लावून त्याच उडवायच्या. हे रोज चालतं, आणि वरून पीओपीचं छत लागतं.

मी फोनाफोनी सुरू केली. स्ट्रक्चरचे सर मीटिंगमध्ये, प्लंबिंगवाले मुंबईच्या वाटेवर. “उद्या बघू” म्हणे. उद्या बघायला काय उरणार होतं?

आणि दुपारी आरएमसी, म्हणजे तयार कॉंक्रीटच्या, प्लँटचा फोन आला. कॉंक्रीटचा पंप बिघडलाय, आज जमणार नाही, उद्या रात्री. कॉंट्रॅक्टर फोनवर जे बोलला ते इथे लिहिण्याजोगं नाही. मला मात्र एक दिवस मिळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. टॅबलेटवर मॉडेल फिरवून दाखवलं, त्यांच्या कपाळावर आठ्या. मग मी तिथेच उभा सेक्शन कापला आणि चार लेव्हल लिहिल्या: ४.२, ३.६, ३.२७, ३.५. त्यांना पाच सेकंद पुरली.

“अगं, हे मेलमध्ये का नाही पाठवलंस?”

“पाठवलं होतं सर. वरचंच चित्र.”

“ते चित्र होतं. हे ड्रॉइंग आहे.”

त्यांचं म्हणणं मला पटतं आणि पटतही नाही. मॉडेल एकच, सेक्शन त्यातूनच निघतो. पण तीस-पस्तीस वर्षं आकडे वाचणाऱ्या माणसाला रंगीत चित्र म्हणजे जाहिरात वाटते, आणि माहितीपत्रकांनी ती सवय लावली आहे हेही खरं.

तोड मात्र सॉफ्टवेअरने नाही सुचवली. सरांनी सेंट्रिंगच्या प्लायवर पेन्सिलने रेघ मारली: पाइप स्टॅकच्या रांगेवरून न्यायचाच नाही. डक्टमधून निघाल्यावर एकच बीम स्लीव्हमधून ओलांडायचा आणि ड्राइव्हवेवर वळवायचा. तिथे वर उचललेली गाडी नाही, पाइप खाली आला तरी चालतो. स्लीव्ह २०० मिलिमीटरची, आधारापासून लांब, बीमच्या खोलीच्या मधल्या तिसऱ्या भागात, दोन्ही बाजूंना जादा रिंगा. प्लंबिंगवाल्यांनी फोनवर हो म्हटलं. मुकादम एवढा वेळ गप्प उभा होता. त्याने टेप काढला आणि विचारलं, “ताई, कॉलमच्या कडेपासून किती ते सांगा.” संध्याकाळच्या आत काम उरकलं. रात्री स्लॅब ओतला गेला.

स्लाइडवर पंपाचा उल्लेख नाही. तो चालू असता तर माझी लाल रांग मेलमध्येच राहिली असती, आणि वर्षभराने कोणीतरी तिथे कोअर मारला असता.

त्यानंतर मी मागणी केली की पोअर कार्डावर एक रकाना वाढवा: त्या स्लॅबचे क्लॅश बंद झाले का, आणि सही कोणाची. कॉंट्रॅक्टर म्हणाला, “मग प्रत्येक स्लॅब दोन दिवस उशिरा पडेल.” आमच्या साहेबांना कल्पना आवडली, म्हणून त्यांनी तीही सादरीकरणात घातली. कार्डावर अजून आलेली नाही. पुढचा स्लॅब येत्या आठवड्यात आहे. त्याच्या तीन ओळी उघड्या आहेत, त्यातली एक लिफ्ट लॉबीतल्या फायर लाइनची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाइपची. या वेळी चित्र पाठवलेलं नाही. सेक्शन काढून, लेव्हल टाकून, छापून साइट ऑफिसात पोअर कार्डाच्या फायलीला टाचून आलेय.