मिठाच्या गुळण्या

मटार सोलायला थ्रॅश मेटलसारखं, म्हणजे सुसाट, दणदणीत रॉकसारखं संगीत नाही. भावगीत लावलं की हात मंदावतो आणि दाणे पातेल्याऐवजी तोंडात जातात. परवा दुपारी मेगाडेथ या अमेरिकन बँडचं 'वुईल बी बॅक' लावलं, शेंगांचा ढीग बघता बघता संपला.

गाणं २०२२ च्या जूनमधलं. गाणारा डेव्ह मस्टेन तेव्हा साठीचा, २०१९ मध्ये घशाच्या कॅन्सरला तोंड दिलेला. आणि गाण्यात नुसती लढाई. परत येतोय, बघून घ्या, असा दम.

घंटाळीतल्या आमच्या जुन्या घरात टेपरेकॉर्डर एकच. सकाळी आजीची कीर्तनं. दुपारी ती आडवी झाली की माझी मेगाडेथची 'रस्ट इन पीस' कॅसेट, मित्राकडून भरून आणलेली. आवाज कितीही बारीक ठेवला तरी ड्रम भिंतीतून जायचेच. आजी उठून यायची. रागवायची नाही. स्पीकरकडे बघून म्हणायची, "घसा बसेल मेल्याचा. मिठाच्या गुळण्या करायला सांग त्याला." जणू तो पलीकडच्या खोलीत राहतो.

कॅन्सरची बातमी वाचली तेव्हा आधी आजीच आठवली.

मस्टेनला १९८३ मध्ये मेटॅलिका या त्याच्या आधीच्या बँडने काढलं, न्यूयॉर्कहून बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला धाडलं, त्याच वर्षी त्याने मेगाडेथ उभा केला, हे सगळेच सांगतात. मला २००२ जवळचं वाटतं. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून हा झोपला, डाव्या हाताची नस दबली, बोटं चालेनात. बँड बंद! मेटलवाल्याने मारामारीत हात गमवावा, हा डुलकीत गमावून बसला. पुन्हा पहिल्यापासून गिटार शिकला आणि २००४ मध्ये नवा अल्बम काढला. हे वाचल्यापासून जेवणानंतर आरामखुर्चीत मी दोन्ही हात पोटावर ठेवूनच झोपतो. बायको म्हणते, "नको रे असा झोपूस, बघवत नाही." पण हात महत्त्वाचा. गिटार मला येत नाही, ही गोष्ट वेगळी.

आजीचा आवाजही शेवटी गेला. अर्धांगाचा झटका आला होता. शिकवायला येणाऱ्या बाईंनी दिलेली अक्षरं ती रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून घोकायची. आम्ही दिसलो की थांबायची. एकदा मी हात धरला तर झटकून टाकला आणि पुन्हा 'प'पासून सुरुवात केली. दम तिच्यातही काही कमी नव्हता. तिला जमलं नाही.