जुना ट्रॅक्टर आणि घरातली लहान मुलं: माझा अनुभव

पन्नास वर्षांहून जुना ट्रॅक्टर दुरुस्तीला घेतला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती आणि मुलगा चार. त्यामुळे इंजिनाला हात लावण्याआधी मुलांचं काय करायचं ते बघितलं. ‘जवळ जाऊ नको’ एवढं सांगून चार वर्षांचं मूल थांबत नाही, म्हणून बंदोबस्त ट्रॅक्टरचाच करायला हवा होता.

आमच्या ट्रॅक्टरला रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) नाही, सीटला पट्टा नाही, पीटीओच्या, म्हणजे इंजिनाच्या जोरावर अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर आवरण नाही. शिवाय तो गिअरमध्ये असतानाही स्टार्टर फिरतो. सगळेच जुने ट्रॅक्टर असे नसतात. फर्ग्युसन टीई-20 मध्ये गिअरचा दांडा ‘एस’ खुणेवर नेला तरच स्टार्टर लागतो. आमच्याकडे तशी सोय नसल्याने बॅटरीला तिची जोडणी तोडणारा कटऑफ स्विच बसवला. त्याची किल्ली काढून घेता येते आणि ती माझ्याच खिशात असते.

पण डिझेल इंजिनाला सुरू व्हायला ठिणगी लागत नाही. उतारावर गिअरमध्ये उभा केलेला ट्रॅक्टर घरंगळला, तर बॅटरी तोडलेली असूनही इंजिन सुरू होऊ शकतं. म्हणून तो सपाट जागीच लावतो, हँडब्रेक ओढतो आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे देतो. अवजार कधीही उचललेलं ठेवत नाही. इंजिन बंद असलं तरी मुलाने लिफ्टचा दांडा ओढला की नांगर खाली येतो, आणि जुनी सील गळत असतील तर कुणी हात न लावताही तो हळूहळू बसतो.

सर्वांत जास्त धास्ती पीटीओची होती. मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. फ्रॉकची नाडी किंवा सैल बाही त्यात अडकली, तर क्लच दाबेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. शाफ्टला नळीचं आवरण घेतलं आणि ते शाफ्टबरोबर फिरू नये म्हणून त्याची साखळी बांधली. तरीही शाफ्ट फिरत असताना मुलं घरात, मोठ्या माणसाजवळ. यात सूट नाही.

दुरुस्तीतही एक धोका आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. त्यामुळे कोरडं घासणं टाळलं. रंग ओला करून खरवडला, चोथा गोळा करून बंद डब्यात ठेवला आणि कामाचे कपडे वेगळे धुतले.

खरा वेळ गेला तो बाबांना पटवण्यात. “तू मडगार्डवर बसूनच मोठा झालास ना!” असं ते म्हणायचे. मडगार्डवरून घसरलेलं मूल थेट मागच्या चाकापुढे पडतं, एक खड्डा पुरतो, हे मी सांगून पाहिलं. ब्रिटनमध्ये 1998 च्या नियमांनुसार 13 वर्षांखालच्या मुलाला शेतीच्या कामावरच्या ट्रॅक्टरवर बसवताच येत नाही, हेही सांगितलं. फरक पडला नाही. मग एकदा त्यांना सीटवर बसवलं आणि मुलाची छोटी सायकल मागच्या चाकाला लागून ठेवली. बाबांनी डावीकडे वाकून पाहिलं, उजवीकडे पाहिलं, शेवटी अर्धवट उभे राहिले. सायकल दिसेना. खाली उतरून त्यांनी ती स्वतः ओट्यापर्यंत नेली. आता ट्रॅक्टर सुरू करण्याआधी दोन्ही मुलं ओट्यावर दिसल्याशिवाय ते किल्ली मागत नाहीत.

मुलांची हौस इंजिन बंद असताना पुरवतो. मुलगी पाने पुसून मापाप्रमाणे लावते, मुलगा नट डब्यात टाकतो.

रोल बार अजून बसायचा आहे. गावठी वेल्डिंगचा नको, कारण ट्रॅक्टर उलटल्यावर तो भार पेलेल याची खात्री नसते. या मॉडेलसाठी चाचणी झालेला शोधतोय, त्यासोबत पट्टाही लागेल. तोवर उताराच्या बाजूला हा ट्रॅक्टर न्यायचा नाही, असं बाबांचं आणि माझं ठरलंय.