कडवं त्याचं होतं

रविवार, रात्री उशिरा

चिनूच्या मनात काहीच नव्हतं, हे आधी लिहून ठेवते. गाडीत लिंकिन पार्क या अमेरिकन बँडचं 'नंब' लागलं होतं, मूळचं, 2003 च्या 'मेटिओरा'मधलं. इंदूरच्या बंगाली चौराह्याच्या सिग्नलला आम्ही अडकलो होतो. खिडकीबाहेरची नजर न हलवता पोरानं विचारलं, "आत्या, ये किसका कव्हर है?"

मी म्हटलं, मराठीत बोल. दुसरं काही सुचलंच नाही.

मग त्यानं मराठीत समजावलं, की ओरिजिनल एक बाई गाते, हा माणूस ते खालच्या सुरात गातोय, पण बरा गातोय. त्याच्या बाजूनं बघितलं तर पोराचं काय चुकलं? त्याला हा बँड गेममधून मिळाला. 'लीग ऑफ लेजंड्स'च्या 2024 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गाणं 'हेवी इज द क्राउन' यांचंच. तिथून तो बँडची नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँगपर्यंत गेला, तिथून सप्टेंबरातल्या तिच्या पहिल्या कॉन्सर्टच्या व्हिडिओपर्यंत, आणि त्यात ती 'नंब' गाते. मूळ गाणारा चेस्टर त्याच्या वाटेत कुठे आलाच नाही. 2017 साली चेस्टर गेला तेव्हा चिनू बालवाडीत डबा सांडत होता.

दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये. 'बरा गातोय.'

वहिनीला सांगितलं तर ती हसली. आईला सांगण्यात अर्थ नाही, तिच्या लेखी ते सगळं अजून 'ते ओरडणं' आहे. दादाशी या विषयावर बोलायचं नाही हे जणू ठरलेलंच आहे. मग राहिलं कोण? ज्या शहरात सानंद संस्थेच्या नाटकाला अख्खं नाट्यगृह भरतं, तिथे लिंकिन पार्कसाठी उसासे टाकायला एक माणूस सापडू नये. कॉलेजात काळा टी-शर्ट घातला की राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत लोक वळून बघायचे, तेव्हाही मी एकटीच होते. तेव्हा त्यात ऐट तरी होती.

जेल रोडवरून दादानं आणलेली ती कॉपी सीडी अजून आहे. वर मार्करनं 'लिंकन पार्क' लिहिलंय, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा बाग असल्यासारखं. आत 'हायब्रिड थिअरी' आणि 'मेटिओरा' एकत्र कोंबलेले, क्रम सगळा उलटासुलटा. त्यामुळे मला आजही 'इन द एंड' संपलं की 'फेंट' सुरू होणार असं वाटतं. तसं मूळ अल्बममध्ये कुठेही होत नाही.

आता अल्बमबद्दल. बँडचा नवा 'फ्रॉम झीरो' 15 नोव्हेंबर 2024 ला आला, तेव्हापासून ऐकतेय. अकरा ट्रॅक, त्यातला पहिला नुसता सुरुवातीचा तुकडा, सगळं मिळून बत्तीस मिनिटांच्या आसपास. सात वर्षं वाट बघायला लावून बत्तीस मिनिटं! पण फापटपसारा नाही, हे मान्य. 'टू फेस्ड'मध्ये डीजे जो हान जुन्यासारखं स्क्रॅच करतो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. 'कॅज्युअल्टी'त बँडचा दुसरा जुना गायक माइक शिनोदा चक्क बोंबलतो, त्याला इतक्या वर्षांत कधी असं ऐकलं नव्हतं. 'ओव्हरफ्लो' रात्री हेडफोनवर ऐकायचं. 'स्टेन्ड' मला सपक वाटलं, ते मी पुढे ढकलते. आणि 'हेवी इज द क्राउन'मधली ती लांबलचक स्क्रीम! 2007 च्या 'गिव्हन अप'मध्ये चेस्टरनं सतरा सेकंद ताणली होती, त्याची आठवण यावी म्हणूनच ही ठेवली असणार. येतेच. बाईचा दम मात्र खोटा नाही.

सप्टेंबरात एमिलीवरून जो गदारोळ झाला तो वाचलाय. त्यात मी आत्ता शिरत नाही.

'द एम्प्टिनेस मशीन' मात्र त्यांनी फार विचार करून पहिलं काढलं असणार. पहिलं कडवं माइक गातो, धृपदही तोच गातो. नेहमीचा आवाज, घरचा माणूस. आपण सैलावतो. आणि दुसऱ्या कडव्याला ती येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या जागेवर गाणं थांबवलं होतं आणि उठून गॅस बंद आहे का बघून आले. आता त्याच जागेची वाट बघते.

खरं दुखणं इथेच आहे. अल्बम वाईट असता तर किती सोयीचं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या, जुनी सीडी लावली असती, विषय मिटला असता. आवडला, हा घोळ आहे.

आणि नुसता आवडला म्हणूनही नाही. हे कुठे बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

'नंब' मला कधीच पहिल्या ओळीपासून गाता आलं नाही. चेस्टरचं कडवं फार खाली, माझ्या खर्जात तिथे नुसती हवा निघते. म्हणून मी कायम धृपदाला शिरायचे. वीस-एक वर्षं आमची वाटणी अशीच होती: कडवं त्याचं, धृपद दोघांचं. बाथरूममध्ये, स्कूटीवर, पुढे गाडीत, मी थांबून राहायची आणि तो तिथवर आला की उडी मारायची. सवय झाली होती. गाणं असंच असतं असं वाटायचं.

बँडनं आता जुन्या गाण्यांच्या पट्ट्या एमिलीसाठी बदलल्यात. चिनू गेल्यावर संध्याकाळी मी बाबांची पेटी काढली. गवसणीची चेन अडकते, ती सांडशीनं ओढली. भात्याला एक बारीक चीर आहे, तिथून फुस्स येतं, पण सूर पक्के आहेत. मोबाइल पेटीवर ठेवला आणि जुनं 'नंब' लावलं. सा काळी तीन. मग कॉन्सर्टमधलं लावलं. सा वर सरकलेला. त्या पट्टीत कडवं गाऊन बघितलं, दार लावून.

आलं. सगळं आलं, पहिल्या ओळीपासून. कुठे हवा नाही, कुठे ओढाताण नाही.

एवढा आनंद झाला मला, की लाजच वाटली. गाण्याच्या परीक्षेतली मध्यमा पूर्ण झाली तेव्हाही इतका झाला नव्हता. म्हणजे तो गेला म्हणून पट्टी बदलली, आणि पट्टी बदलली म्हणून मला गाता येतंय. हा हिशोब कुठूनही मांडला तरी शेवटी तेच उत्तर येतं. त्याच्या जागी जागा झाली आणि पहिली मीच जाऊन बसले. आणि दिवसभर फुरंगटून काय बसलेय, तर चिनूला तो ठाऊक नाही म्हणून.

20 जुलै 2017, चेस्टर गेला तो दिवस. त्या जुलैत आमच्या घरात जे चाललं होतं त्यात एका अमेरिकन गायकासाठी रडायची सवड कुणाला होती? ते जाऊ दे. त्याच्या दोन महिने आधी आलेला 'वन मोअर लाइट' मी अजून सलग ऐकलेला नाही, एवढंच.

ही पेटी काढली की बाबा आठवणारच. बाबांचा मारवा राग म्हणजे इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा. खाँसाहेब 1974 साली गेले आणि बाबांच्या मते मारवाही तेव्हाच गेला. नंतर रेडिओवर कुणीही मारवा लावला, कितीही मोठा गायक असो, बाबा काही बोलायचे नाहीत. उठून बाल्कनीत जायचे. कुंड्यांना पाणी घालायचे, मग भर पावसाळा का असेना. मला तेव्हा भयंकर राग यायचा. राग काय एका माणसाच्या मालकीचा असतो? बंदिश तीच, गळे बदलत जातात, हे मला त्यांनीच शिकवलं होतं की. फक्त इंदूर घराण्यापाशी आले की त्यांचा नियम बाल्कनीत जायचा.

आणि मी गॅस बघायला गेले. बापाची मुलगी.

अल्बमच्या नावाचंही तसंच आहे. सुरुवातीच्या त्या छोट्या तुकड्यात कुणीतरी नावाबद्दल काही विचारतं आणि वाक्य मध्येच तुटतं. बँडचं अगदी पहिलं नाव झीरोच होतं, स्पेलिंग एक्सनं. हे मला शाळेपासून पाठ. त्या झीरोत चेस्टर नव्हता, हेही पाठ. तेव्हा मार्क वेकफील्ड गायचा. तो सोडून गेला आणि 1999 साली अॅरिझोनातून चेस्टर आला, स्वतःच्या वाढदिवसाची पार्टी टाकून यांच्यासाठी रेकॉर्डिंग करून. म्हणजे आपला चेस्टरही दुसऱ्याच्या जागेवर आलेला. वेकफील्डसाठी पेटी काढून बसलेली एखादी बाई तेव्हा कॅलिफोर्नियात असेल का? असेल तर तिचं माझं चांगलं जमेल. दोघी मिळून बाल्कनीत जाऊ.

हे लिहिताना हसू येतंय, म्हणजे ताप उतरला असावा.

तरी कडव्याचं काय करायचं ते कळलेलं नाही. मघाशी पुन्हा जुनं लावलं. धृपदाआधी तोंड उघडलं नाही, सवयीनं. मग नवं लावलं आणि पहिल्या ओळीपासून गायले. दोन्ही चालतंय सध्या. खालच्या काकूंनी व्हॉट्सअॅपवर विचारलंय, भिशीच्या वेळी भजन म्हणणार आहेस का, छान आवाज लागलाय. त्यांना हो म्हटलंय, आता भजन शोधावं लागेल.

शेवटी राहवलं नाही म्हणून दादालाही कळवलं. एकच ओळ: 'नंब' नव्या पट्टीत मला पूर्ण येतं. नुसता अंगठा येईल असं वाटलं होतं. चांगला तीन-चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. चेस्टरचं नाव नाही, एमिलीचं नाव नाही, माझ्या गाण्याबद्दल तर अवाक्षर नाही. सगळा मेसेज जुना ड्रमर रॉब बोर्डनवर. रॉब परत का नाही आला, नवा ड्रमर कॉलिन ब्रिटन हाताला जड कसा आहे, त्याला 'फेंट' झेपणार नाही, आणि यावर कुणी एक शब्द बोलत नाही, सगळे आपले गायकाला धरून बसलेत. मागे वहिनीचा आवाज ऐकू येतोय, "अहो, साडेअकरा झाले."