फोंडा ते लिस्बन व्हाया दोहा

गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही. पोर्तुगीज इथे 1510पासून 1961पर्यंत राहिले, आजही आमच्याकडे वाड्यावाड्यातलं कोणी ना कोणी तिकडे असतं, तरी आखातात उतरून दुसरं विमान धरावंच लागतं. हा उगाचचा वळसा वाटतो. पण भाचीच्या पृथ्वीगोलावर गोव्यापासून लिस्बनपर्यंत दोरा ताणून पाहिला, तर तो आखातावरूनच गेला! सरळ हवाई अंतर सुमारे 8,300 किलोमीटर आणि दोहा जवळजवळ त्याच रेषेवर. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे दिसत नाही.

ताशी 900 किलोमीटरचा हिशेब धरला तर सव्वानऊ तासांत पोचायला हवं. प्रत्यक्षात दोह्यापर्यंत चारेक तास, पुढे आठेक. पश्चिमेला जाताना वरचा वारा समोरून येतो, आणि विमान दोऱ्यावरून नाही, आखून दिलेल्या मार्गाने उडतं. त्यात फोंड्याहून मोपाचा विमानतळ गाठणं, तीन तास आधीची हजेरी, दोह्यातलं ताटकळणं. उंबरठ्यापासून मोजलं तर अख्खा दिवस जातो.

दुसऱ्या विमानात शेजारी साष्टीतली एक आजी होती. लेकीकडे निघालेली. मनगटावरचं घड्याळ तिने गोव्याच्याच वेळेवर ठेवलं होतं. उन्हाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. पण तिला त्याचं काय! जेवणाचा ट्रे आला तेव्हा घड्याळ बघून "ही काय जेवणाची वेळ?" म्हणाली, ट्रे तसाच परत पाठवला आणि पिशवीतून पेरादाची, म्हणजे पेरूची वडी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली. समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान भूमध्य समुद्रावरून हलेना. "आनीक कितलो वेळ?" तिने विचारलं. किलोमीटर सांगितले, तर हसली. तिचं बरोबरच होतं, किलोमीटर घेऊन ती काय करणार?

उतरताना खाली तेजो नदी दिसते. वास्को द गामा 8 जुलै 1497ला इथून निघाला आणि 20 मे 1498ला कालिकतजवळ पोचला. दहा महिन्यांहून जास्त, आणि आम्ही ट्रेवरून कुरकुरतो.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. सामान घेऊन बाहेर आलं की मेट्रोची लाल लाइन, वीसेक मिनिटांत मध्यवस्ती. मोपाला उतरणाऱ्याला याचा हेवा वाटणारच.

परतीला वारा पाठीशी असतो, त्यामुळे हवेतला वेळ थोडा कमी होतो. घड्याळ मात्र पुढे पळतं आणि झोपेची रात्र त्यातच जाते. म्हणून येताना दोह्यात दोन तासांपेक्षा कमी थांबा असलेलं तिकीट मी स्वस्त मिळालं तरी घेत नाही. तो विमानतळ एवढा ऐसपैस आहे की आतल्या आत फिरायला रेल्वे ठेवलीय, आणि अर्धवट झोपेत गेट शोधत पळणं माझ्याच्याने होत नाही.