टेलला कोण आहे?

आमच्या गेममधला मंगळ दिसायला झकास झाला होता. तांबूस धूळ, काचेचे घुमट, लांबवर उतरणारं यान. नव्हता तो फक्त इतिहास. म्हणजे कागदावर होता: 2096 पहिली वसाहत, 2118 आणि 2119 ला मोठी स्थलांतराची जहाजं, 2131 बंड, 2140 महायुद्ध. पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत मी कथालेखनाचं काम करते. ही यादी खरी वाटेल अशी करून देणं माझ्या गळ्यात पडलं होतं.

अशा याद्यांमध्ये घटना ढीगभर असतात, पण कुणाचं काही अडलेलं नसतं. बंड कशावरून झालं असं विचारलं तर आमचे सर म्हणाले, ‘‘स्वातंत्र्यासाठी.’’ बरं. पण मंगळवारी सकाळी उठून माणूस स्वातंत्र्यासाठी नेमकं काय फोडतो?

आधी तारखा घेतल्या. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या जागी यायला साधारण 26 महिने लागतात. त्या सुमारास निघालं तर सात-आठ महिन्यांत पोहोचता येतं; वेळ हुकली की बसा पुढच्या खेपेची वाट बघत. त्यामुळे 2118 आणि 2119 अशी लागोपाठ जहाजं बाद झाली. बदल्यात एक चांगली गोष्ट हाती लागली. माणसं तिथं लोंढ्याने येणार नाहीत, खेपेखेपेने येणार. दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न, ‘‘कितव्या खेपेचे?’’ गाव, आडनाव मागाहून.

जमिनीवरून भांडण लावावं तर तेही जमेना. 1967 च्या अंतराळ करारात स्पष्ट आहे की चंद्रावर किंवा दुसऱ्या ग्रहावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. देशच मालक नाही, तर सातबारा देणार कोण?

इथे गाडी अडली होती, आणि त्याच दिवशी अप्पा ऑफिसात आले. अप्पा म्हणजे आमच्या लेव्हल डिझायनरचे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक. सगळी नोकरी प्रवरेच्या कालव्यांवर गेलेली. पोराचं ऑफिस बघायला आले होते. चहा येईपर्यंत भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहिले. नकाशा आर्केडिया प्लॅनिशियाचा. मंगळाच्या उत्तरेकडचं हे मैदान, तिथं जमिनीखाली फार खोल न जाता बर्फ सापडतो, म्हणून वसाहत तिथं ठेवली होती. बर्फाची खाण एका टोकाला आणि तिथून घुमटांपर्यंत निघालेली निळी रेघ.

‘‘ही चारी का?’’

‘‘पाइप आहे, अप्पा. उघडं पाणी तिथं टिकत नाही. हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहून कमी. झाकून, तापवून न्यावं लागतं.’’

‘‘असू दे. टेलला कोण आहे?’’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. टेलला, म्हणजे पाइपच्या शेवटच्या टोकाला, कुणी नव्हतं. म्हणजे घुमट काढलेला होता, आत झाडंही होती, पण तिथं कोण राहतं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

‘‘पाण्याची पाळी कुठून सुरू करता?’’

पोरगा म्हणाला, ‘‘हेडपासून, खाणीच्या टोकाकडून. जवळ पडतं ना.’’

अप्पा हसले. ‘‘मग तुमचं बंड झालंच समजा. शेजपाळीत, म्हणजे ओळीने पाणी देताना, ते टेलपासून वर आणायचं असतं, बाळा. हेडवाल्याच्या दारात पाणी आहे, तो रात्री-बेरात्री डोंगळा, म्हणजे चोरीचा पाइप, टाकून ओढतोच. टेलवाला पाणीमागणीचा नमुना सात भरतो, पाणीपट्टी भरतो, थंडीत रात्रभर दारं धरायला बसतो, आणि चारी कोरडी. मग तो कुदळ घेऊन कुणाकडे येतो? माझ्याकडे!’’

तिथून पुढे दुपारचं जेवण राहिलंच. सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. पहिल्या खेपेची माणसं खाणीजवळ राहिली, म्हणजे हेडला. पुढची प्रत्येक खेप आणखी लांब. जमिनीची मालकी नाही, तेव्हा नोंद होणार ती पाण्याच्या वाट्याची. वहीत ज्याचं नाव आधी, त्याचं पाणी आधी. शिवाय मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार असतात. 2008 मध्ये फिनिक्स यानाने ते शोधले. पीक घ्यायचं तर आधी ती विषारी माती धुवायची, म्हणजे सगळ्यात जास्त पाणी नव्या माणसाला लागणार, आणि तोच टेलला.

मग बंड 2131 लाच का? आधी का नाही? याचं उत्तर साउंडवाल्या पोरीने दिलं. ती एरवी बैठकीत बोलत नाही. म्हणाली, ‘‘श्वास हेडच्या हातात आहे तोवर बंड कसं करतील?’’ ऑक्सिजन बर्फाच्या पाण्यातूनच काढायचा ठरला होता. पण दुसरीही वाट आहे. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी यंत्राने 2021 मध्ये मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढून दाखवला. सगळ्या चाचण्या मिळून 122 ग्रॅम. तशी मोठी यंत्रं टेलला उभी राहिली की माणसं महिनाभर तरी दम धरू शकतात. बंडाची तारीख मग त्या यंत्रांवरून ठरली. एक खेप हुकली, पाइप तापवायचे सुटे भाग आले नाहीत, हेडने टेलचा फाटा बंद केला, आणि ठिणगी पडली.

तहाचा मसुदाही अप्पांचाच म्हणायचा. त्यांनी पांझरेकाठची फड पद्धत सांगितली. गावाचं भिजणारं रान फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि बहुतेक शेतकऱ्यांचा तुकडा निरनिराळ्या फडांत. पाणी कमी पडलं की अख्खा फड कोरडा ठेवतात, झळ सगळ्यांनाच बसते. आमच्या तहात आता हेड-टेल प्रत्येकाचा वाटा प्रत्येक घुमटात आहे. 2140 चं महायुद्ध मी काढून टाकलं. सरांना ते अजून पटलेलं नाही. ट्रेलरमध्ये स्फोट कुठून आणायचे हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

जाताना अप्पांनी आणखी एक काडी टाकली. ‘‘पाणीपट्टी थकवली तर काय करता?’’ त्यांच्या कालव्यावर पाणी बंद करत. आमच्याकडे पाइप तोडला तर हेडच्या घुमटात, जिथं मॉक्सी नाही, हवाही तुटते. प्रोग्रामर म्हणतो नियम म्हणजे नियम, तोडा. साउंडवाली म्हणते, मग ती वसाहत नाही, तुरुंग. त्या पानावर अजून ‘विचाराधीन’ असं लिहिलंय आणि सोमवारी पुन्हा बैठक आहे.