सेकंड हँड गाडी, फिटलेलं कर्ज आणि आरसीवरून न निघणारं बँकेचं नाव : माझा अनुभव

सेकंड हँड गाडी बघायला जाल तेव्हा टायर, क्लच, सर्व्हिसची बिलं हे सगळं नंतर. आधी मोबाइलवर एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून फायनान्सचा रकाना बघा. तिथे बँकेचं नाव दिसलं तर मालक कितीही भला माणूस असला आणि कर्ज फिटून कितीही वर्षं झालेली असली तरी थांबा. मी थांबले नाही. मे २०२५ मध्ये व्यवहार ठरला आणि आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, माझ्या नावावर झाली ऑक्टोबरात, आणि त्यातला बहुतेक सगळा वेळ एका कागदापायी गेला. आजही त्या शाखेसमोरून जाताना माझं डोकं तापतं.

गाडी शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांची, २०१७ ची बलेनो पेट्रोल. काकांनी इतकी जपलेली की मागच्या सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं काढलं नव्हतं म्हणे. आम्ही घरात पाच माणसं, सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे उंच एसयूव्हीत चढणं त्यांना जमत नाही, आणि आमचं पार्किंग असं की खांब आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम गाडी मावते. बलेनोची लांबी ३९९५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी लागतो म्हणून आपल्याकडच्या हॅचबॅक त्या मापात बसवलेल्या असतात, आणि आमच्या खांबालाही तेच माप चालतं. डिकी ३३९ लिटरची. माझं माहेर चिपळूण, तिथून परत येताना तांदूळ, आमसुलं, कुळीथ, नारळ असं काय काय बरोबर येतं ते माहेरवाशिणींना सांगायला नको, त्यामुळे डिकी मी टेपने मोजून आले होते. चालवून बघितली, स्टिअरिंग हलकं, क्लच हलका, पटलीच. अर्धे पैसे दिले, बाकीचे नावावर झाल्यावर द्यायचे आणि तोवर गाडी काकांच्याच पार्किंगमध्ये ठेवायची असं ठरलं. हे अर्धे पैसे मागे ठेवायचं नवऱ्याने सुचवलं होतं, काकांनाही ते पटलं. तुम्हीही तसंच करा.

मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांचे आधार, पॅन, पीयूसी, इन्शुरन्स हे सगळं एका दिवसात जमलं. नवीन नंबर प्लेटही झाली. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घ्यावी लागते, महाराष्ट्रात चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, ऑनलाइन अपॉइंटमेंट घेऊन. ती नसेल तर आरटीओचं पुढचं काम अडतं, म्हणून तीच आधी लावा.

मग ऑनलाइन अर्ज भरायला बसले आणि समोर आलं की या गाडीवर बँकेचा बोजा आहे, म्हणजे कर्जासाठी बँकेचा हक्क नोंदवलेला आहे. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, कर्ज तर मी २०२२ मध्येच फेडलं, एनओसी आहे की माझ्याकडे." एनओसी म्हणजे कर्ज फिटलं, आता आमची हरकत नाही असं बँकेचं पत्र. ती खरंच होती. वॉरंटी कार्डाच्या फायलीत, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, घडीसुद्धा न पडलेली, सोबत बँकेचा शिक्का मारलेला फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरून बँकेचं नाव काढायचा फॉर्म. फक्त काका ती घेऊन आरटीओत कधी गेलेच नव्हते. शेवटचा हप्ता भरला, बँकेने कागद दिला, काम संपलं असंच त्यांना वाटलं, आणि बहुतेकांना असंच वाटतं. पण आरसीवरचं बँकेचं नाव काही आपोआप पुसलं जात नाही. काही बँका आता कर्ज फिटलं की थेट आरटीओच्या नोंदी असलेल्या सरकारी वाहन पोर्टलवर नोंद काढतात, पण काढली की नाही हे आपणच बघायचं. आणि त्या एनओसीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, जारी केल्यापासून ९० दिवस वैध.

म्हणजे नवीन एनओसी आणायची. एवढंच ना, असं मला वाटलं होतं.

काकांनी कर्ज घेतलं होतं ती बँक आता त्या नावाने राहिलेलीच नाही. १ एप्रिल २०२० ला बऱ्याच सरकारी बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या, त्यातलीच ती एक. जुनी शाखाही बंद होऊन दुसऱ्या शाखेत गेली. आम्ही त्या दुसऱ्या शाखेत गेलो, मी आणि काका, शाळेला अर्धी रजा टाकून. खिडकीवरच्या मुलाने कर्ज खात्याचा नंबर टाकला आणि म्हणाला, मॅडम, असं खातंच नाही. मी म्हटलं, खातं नाही तर तुमच्याच शिक्क्याचा हा कागद कुठून आला? तो म्हणे हा जुन्या खात्याचा नंबर आहे, विलीनीकरणानंतर नंबर बदलले, बंद खाती इथे दिसत नाहीत, लोन सेंटरला मेल करावा लागेल, पुढच्या आठवड्यात या.

पुढच्या आठवड्यात गेलो तर तो मुलगा ट्रेनिंगला. त्याच्या जागी बसलेल्या बाईंनी सगळं पहिल्यापासून विचारलं. मेल गेलाय का, तर माहीत नाही. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मॅनेजर मीटिंगमध्ये, काका बाहेरच्या खुर्चीवर दीड तास बसून. त्यांचं वय ७१. एकदाही हूं की चूं केलं नाही त्यांनी, उलट मलाच म्हणत होते, तुझी रजा वाया जाते गं. मला त्या दिवशी रडू यायचं बाकी होतं. पाच वर्षं एक हप्ता न चुकवता कर्ज फेडलेला माणूस, आणि ते फेडलं हे सिद्ध करायला त्यालाच बाकावर बसवून ठेवायचं.

इथे मी जे चुकले ते तुम्ही टाळा. पहिल्या तिन्ही वेळेला सगळं तोंडी चाललं होतं. चौथ्या वेळी मी घरून अर्ज लिहून नेला, दोन प्रती. त्यात जुना खाते नंबर, गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कर्ज बंद झाल्याची तारीख, सोबत जुन्या एनओसीची आणि पासबुकातल्या शेवटच्या हप्त्याच्या पानाची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घेतली. द्यायला तयार नव्हते, मी खुर्चीवरून उठले नाही. त्याच पोचेचा फोटो लावून बँकेच्या तक्रार विभागाला मेल केला आणि त्यात स्पष्ट लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करणार. लोकपालाचा नियमच तसा आहे, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवस वाट बघायची, मग ऑनलाइन त्यांच्याकडे. तोंडी फेऱ्यांची कुठेच नोंद नसते, त्यामुळे माझे आधीचे दोन महिने या हिशोबात शून्य.

मेलनंतर अकराव्या दिवशी शाखेतून स्वतःहून फोन आला, एनओसी तयार आहे, घेऊन जा.

आणि त्या एनओसीत चेसिस नंबर चुकलेला. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाइप केलेला. मला घरी कळलं नाही, आरटीओतल्या बाईंनी कागद स्क्रीनशेजारी धरून एकेक अक्षर बोटाने ताडून बघितलं आणि परत दिला. त्यांची यात काहीच चूक नाही, त्यांनीच मला सांगितलं की सतरा अक्षरांच्या चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. हे मला आधी माहीत असतं तर बँकेच्या टेबलावरच पकडलं असतं. म्हणून सांगते, बँकेतून बाहेर पडायच्या आधी एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन्ही प्रती आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

त्याच फेरीत दुसरी गोष्टही कळली. वाहन पोर्टलवर जुन्या बँकेचं नाव आणि एनओसी नव्या बँकेच्या लेटरहेडवर, मग हे दोन एकच हे कशावरून? तर बँकेकडून एक पत्र, की अमुक बँक आमच्यात अमुक तारखेला विलीन झाली आणि तिची सगळी कर्ज खाती आता आमची आहेत. विलीन झालेल्या बँकेचं कर्ज असेल तर हे पत्र एनओसीबरोबरच मागून घ्या, फेरी वाचेल. मी परत गेले, पोच दाखवली, या वेळी दोन्ही कागद चार दिवसांत मिळाले. लेखी तक्रारीची भीती असतेच असते.

या सगळ्यात गणपती येऊन गेले. चिपळूणला यंदा आपल्या गाडीने जायचं असं मुलांना मे महिन्यापासून सांगून ठेवलेलं, गेलो मात्र एसटीने, सासूबाई आल्याच नाहीत. गाडी काकांच्या पार्किंगमध्ये उभी राहून बॅटरी उतरली ते वेगळंच. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणायला हवी होती. उभ्या गाडीच्या टायरची हवाही कमी होते, तीही बघत जा.

अजून एक, रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई. पण तो १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना, काकांचं कर्ज २०२२ चं. तुमचं नंतरचं असेल तर अर्जात या नियमाचा उल्लेख जरूर करा.

आणि कोणी म्हणेल, राहू दे ना बँकेचं नाव, गाडी तर चालते. मालकाच्या नावावर गाडी तशीच ठेवली तरी हे काम टाळू नका. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर इन्शुरन्सचे पैसे देताना आरसीवरच्या फायनान्सरचा हक्क आधी बघतात. तेव्हा घाईगर्दीत हीच एनओसी शोधत बसावं लागेल.

पुढचं सगळं मग भराभर झालं. बोजा काढणं आणि नावावर करणं एकाच अर्जात टाकलं, ओटीपी काकांच्या मोबाइलवर येतो त्यामुळे अर्ज त्यांच्या शेजारी बसूनच भरला. चेसिसचा ठसा मी स्वतः घेतला. नंबर कुठे कोरलाय ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तो फडक्याने पुसायचा, वर पातळ कागद घट्ट धरायचा आणि मुलाच्या पेन्सिलीचं शिसं आडवं करून हलक्या हाताने घासायचं. एकेक आकडा पांढरा उमटत गेला, मधला शून्यसुद्धा, ज्याच्यापायी एक फेरी फुकट गेली होती. इन्शुरन्सही नावावर करून घेतला, त्याला १४ दिवसांची मुदत असते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो काकांचाच, त्यामुळे फरकाचे पैसे मला भरावे लागले. काकांना त्याचं सर्टिफिकेट घ्यायला लावलं, तीन वर्षांत दुसरी गाडी घेतली तर त्यांना वापरता येईल.

दिवाळीत चिपळूणला गेलो, कुंभार्ली घाटातून, सासूबाई पुढच्या सीटवर. पाच माणसं, भरलेली डिकी आणि एसी चालू असताना घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी लागते, तिसऱ्यात टाकली की दम लागतो. उतरतानाही दुसराच ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. घाटाखाली पोफळीला पोचल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पाय सोडून बसता आलं बाई." माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

आरसी पोस्टाने आली तेव्हा पाकीट जिन्यातच फोडलं होतं आणि आधी नाव नाही, तो बँकेचा रकाना बघितला. रिकामा. तिथूनच काकांना फोन केला. ते म्हणाले, "एक झेरॉक्स मलाही दे, माझ्या कर्जाच्या फायलीला लावतो."